दक्षिणेकडं तोंड असलेली बत्ती

बुलढाण्याकडच्या माणसाला समुद्राचं काय कौतुक सांगता? खारं पाणी म्हणजे आमच्यासाठी लोणारचं तळं, आणि तेसुद्धा आमच्या गावातल्या निम्म्या लोकांनी पाहिलेलं नव्हतं. लग्न होऊन मी पुण्याला आले. पुढं मुलं मोठी झाली, हौसेनं मला कोकणात घेऊन गेली आणि किनाऱ्यावर उभी करून म्हणाली, “आई, ते बघ दीपगृह.” संध्याकाळ होत होती. तिकडं दिवा लागला आणि मी पाठ फिरवून गाडीत जाऊन बसले. त्यांना वाटलं, म्हातारीला वारा सोसला नाही. वारा कसला डोंबलाचा! मला तो दिवा सोसत नाही, हे मी कुणाला कधी सांगितलं नाही. आज सांगते, कारण जिच्यापासून हे लपवायचं होतं ती आता राहिली नाही.

आमचं गाव अमडापूरच्या उत्तरेला, नदीच्या अलीकडच्या काठावर. नदी उन्हाळ्यात म्हणजे नुसती वाळू न् खडक, पावसाळ्यात मात्र तिचं तोंड बघवत नसे. बाजार अमडापूरचा, म्हणजे नदीपलीकडं, दक्षिणेला. पूल नव्हता. नागपूरच्या सरकारला आमचं गाव सारा घ्यायचा तेवढ्यापुरतं माहीत होतं. नदीत एका जागी खडकाची सलग पट्टी होती, बैलगाडी जाईल एवढी रुंद. तिला आम्ही ‘उतार’ म्हणायचो. पाणी चढलं तरी उतारावर बैलाच्या गुडघ्यापर्यंतच असायचं. पण उताराला लागूनच, पूर्वेच्या अंगाला, डोह. पाणी गढूळ झालं की उतार कुठं संपतो आणि डोह कुठं लागतो ते कुणाच्या बापाला कळत नसे. म्हणून बाजाराला गेलेल्या माणसाला परतताना पाणी चढलेलं दिसलं की तो गाडी पलीकडंच सोडायचा. चिंचेखाली ओला होत, नदीला शिव्या घालत बसायचा आणि सकाळी पाणी उतरल्यावर घरी यायचा. पण यायचा, हे महत्त्वाचं.

माझा काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. घरात मन लागत नसे त्याचं. पोरसवदा असतानाच खामगावला जिनिंगमध्ये लागला आणि तिथून कापसाच्या गाठींच्या मागं मागं मुंबईला गेला. आमच्या गावातून मुंबईला गाठी जायच्या, माणूस गेलेला हा पहिलाच. तिथं बंदराच्या बत्त्यांवर त्याला काम मिळालं. काचा पुसायच्या, वाती कापायच्या, तेल भरायचं, अंधार पडायच्या आत बत्त्या लावायच्या आणि उजाडेपर्यंत त्या जागत ठेवायच्या. वर्षानुवर्षं त्यानं हेच केलं. लग्नाचा विषय काढला की म्हणायचा, “रात्रभर बत्तीपाशी बसून राह्यतो मी. बायको काय करन? दिवसा झोपलेला नवरा पाह्यत बसन?”

मग लढाई आली. बंदरावरच्या बत्त्या मालवायचा हुकूम निघाला, शत्रूच्या जहाजांना वाट दिसू नये म्हणून. बत्तीच नाही तर बत्तीवाला कशाला? काका एक पत्र्याची ट्रंक घेऊन घरी परतला. ट्रंकेत वाती कापायची पितळी कात्री होती, काचा पुसायचं मऊ कापड होतं आणि फारसं काही नव्हतं. दिवेलागण झाली की तो ओसरीवर अस्वस्थ होऊन येरझारा घालायचा. हाताला सवय होती ना. शेवटी घरातले सगळे कंदील गोळा करून पुसायला बसायचा. आमच्या कंदिलांच्या काचा इतक्या लख्ख कधीच झाल्या नव्हत्या. माय कौतुकानं म्हणायची, “भाऊजी, तुमी असले म्हणजे मले चंद्राची गरज नाई.”

होय, माय आणि काकाचं फार जमायचं. हे आधीच सांगून ठेवते.

त्या पावसाळ्यात काकानं पाहिलं की गाड्या पलीकडं अडून राहतात. झालं, डोक्यात भुंगा शिरला. बंदरात मोठी जहाजं कशी आत येतात ते तो आम्हाला ओसरीवर समजावून सांगायचा. काठावर एक बत्ती खाली असते, दुसरी तिच्या मागं, उंचावर. जहाजावरच्या माणसानं काय करायचं, तर या दोन बत्त्या बरोबर एकावर एक दिसतील असं जहाज आणायचं. जुळल्या की वाट बरोबर. वरची बत्ती बाजूला सरकलेली दिसली की समज, आपण वाटेवरून ढळलो, खाली खडक आहे. एवढंच. पाण्यात काय आहे ते बघायचंच नाही. “आपल्या डोयापेक्षा बत्तीवर जास्त भरोसा ठेवा लागते,” असं तो म्हणायचा. हे वाक्य मला अजून झोपेतून उठवतं.

काकानं तसंच केलं. नदीकाठी, उताराच्या बरोबर तोंडाशी, एक खांब पुरला आणि त्याला साधा कंदील टांगला. त्या कंदिलाला चारी बाजूंनी उजेड. त्याच्या मागं चढावर बाभळीचं एक पुरुषभर उंच खोड होतं, त्यावर दुसरी बत्ती. तिथं वारा फार, म्हणून गावातल्या टिनकाम करणाऱ्या चाचांकडून पत्र्याची पेटी करून घेतली. पेटी तिन्ही बाजूंनी बंद, एकाच बाजूला तोंड. त्यामुळं वाराही लागत नसे आणि उजेड लांब फेकला जायचा. पेटीचं तोंड नदीकडं, म्हणजे अर्थातच दक्षिणेकडं.

गावानं टिंगल केली नसती तर ते गाव कसलं! “काऊन बे, जहाज कवा येते?” हे येताजाता चाललेलं. माझ्या थोरल्या बहिणीनं, अक्कानं, बत्त्यांची नावं ठेवली: खालचा कंदील नवरा आणि वरची पेटी नवरी. “नवरी नवऱ्याच्या डोक्यावर बसली की गाडी हाणा,” असं ती मोठ्यानं म्हणाली तेव्हा बाबा खाकरून बाहेर निघून गेले आणि मायनं तिला लाटणं दाखवलं. पण हेच वाक्य गावात चाललं. पहिल्यांदा चाचा स्वतः चढलेल्या पाण्यातून बत्त्या जुळवत गाडी घेऊन आले, चाकाची लोखंडी धाव खडकावर कडकड वाजत होती, आणि मग टिंगल बंद झाली. पुढं पुढं लांबच्या गावच्या गाड्याही त्या वाटेनं यायला लागल्या. पलीकडं चिंचेखाली कुणी थांबेनासं झालं.

लढाईमुळं मातीचं तेल, म्हणजे रॉकेल, मिळायची मारामार. म्हणून गावानं आपसात एक रीत ठरवली: ज्याच्या घरची गाडी पलीकडं गेली असेल, त्या संध्याकाळचं तेल त्याच्या घरचं. बत्तीत आज तेल कुणाचं आहे यावरून कोण बाजाराला गेलंय ते पोराटोरांनाही कळायचं.

काकाचा एक नेम होता. पाणी उतरलेलं असेल त्या संध्याकाळी बत्त्या लावून तो स्वतः पलीकडं जायचा आणि तिकडून बघायचा. “लावणाऱ्यानं बत्ती समुद्राकून पाहावी. आपल्या बाजूनं सारं बरोबरच दिसते.” जरा फरक वाटला तर परत येऊन पेटी बोटभर सरकवायचा. मला हसू यायचं. बोटभरानं काय होतंय, असं वाटायचं.

माय मात्र पहिल्या दिवसापासून त्या पेटीवर नाराज होती. आमच्याकडं दिव्याचं तोंड दक्षिणेकडं करत नाहीत. दक्षिण यमाची. तिकडं तोंड करून दिवा लावतात तो गेलेल्या माणसाच्या नावानं. देव्हाऱ्यातली वात चुकून तिकडं वळली तरी माय धावत येऊन ती फिरवायची. खालच्या कंदिलाबद्दल तिचं म्हणणं नव्हतं, त्याला तोंडच नव्हतं. पण वरची पेटी तिच्या डोळ्यांत सलायची.

“भाऊजी, दक्षिणेकडं तोंड करून रोज दिवा लावून राह्यले तुमी. कोणासाठी लावता?”

“वयनी, गाड्या दक्षिणेकून येतेत. बत्तीचं तोंड काय हिमालयाकडं करू?”

“हसा, हसा. मले नाई पटत.”

“तुमी देवाले सांगजा, माह्या दीराले अक्कल नाई म्हणून. देव समजून घेते.”

यावर ती हसायची आणि त्याच्या ताटात भाकरी वाढायची. भांडण तिथंच संपायचं.

अक्काचं लग्न झालं, ती अमडापूरच्या पलीकडं एका गावात नांदायला गेली. वर्षभरात तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही तर रीतच. सातव्या महिन्यात आणायचं ठरलं, पण त्या भादव्यात पावसानं असं ठाण मांडलं की आज जाऊ, उद्या जाऊ करता करता पुनव आली. दुसऱ्या दिवशीपासून पितृपक्ष. त्या पंधरवड्यात पोटुशी लेक घरात आणत नाहीत. आणि पंधरवडा संपेपर्यंत तिला आठवा लागला असता, आठव्यात गाडीत बसवत नाहीत. म्हणजे आणायची तर पुनवेच्या संध्याकाळच्या आत, नाहीतर बाळंतपण सासरी. अक्काची सासू कशी होती ते सांगत नाही, मेलेल्या माणसाबद्दल कशाला बोलायचं. तिथं लेकीचं बाळंतपण होऊ द्यायला माय मेली तरी तयार झाली नसती. बाबा आदल्या दिवशीच गाडी घेऊन गेले.

पुनवेच्या सकाळी ऊन होतं. माय आनंदानं नुसती भिरभिरत होती. बाजेची दोरी आवळून घेतली, न्हाणीतली चूल सारवली, जुन्या लुगड्यांची मऊ धुवट दुपटी करून ठेवली. दुपारी वरच्या अंगाला आभाळ आलं, आमच्याकडं चार थेंब पडले, पण तिकडं चांगला कोसळला असणार. दिवस कलता कलता नदीचं पाणी तांबडं झालं आणि पसरायला लागलं.

तेल अर्थातच आमच्या घरचं. मायनं बाटलीत होतं नव्हतं तेवढं सगळं काकाला दिलं. काकानं दोन्ही काचा पुन्हा पुसल्या, वाती सरळ कापल्या, वरची बत्ती लावली, मग खालची लावली आणि खालच्या खांबापाशीच उभा राहिला. पलीकडं जाऊन बघता येण्यासारखं पाणी नव्हतं. पण त्याची काळजी नव्हती. आदल्याच संध्याकाळी त्यानं पलीकडून बघून ठेवलं होतं, जोडी बरोबर होती.

माय मला घेऊन चढावर आली. डोक्यावर पोत्याची खोळ, भुरभुर पाऊस. पुनव असून चांदणं नव्हतं. मायनं नदी बघितली. मग मान वळवून पेटी बघितली. तिथं ती जळत होती, तिचंच तेल, आणि तोंड सरळ यमाच्या दिशेला. उद्या पितृपक्ष, आणि आज लेक दोन जिवांची होऊन नेमकी त्या दिशेनं येत होती. मायनं माझा हात सोडला.

“नाई,” ती म्हणाली. “आज नाई. तेल माह्यं, लेक माही. आज हा दिवा असा जळणार नाई.”

माझी माय मूर्ख नव्हती. पेटीचं तोंड नुसतं फिरवलं तर पलीकडून बत्ती दिसणार नाही, एवढं तिला कळत होतं. म्हणून तिनं चांगला विचार केला. चढावरच, पश्चिमेच्या बाजूला थोड्या अंतरावर, मारुतीचा ओटा होता. तिथून नदी आग्नेयेला, उगवती आणि दक्षिणेच्या मधल्या कोपऱ्यात पडायची. पेटी तिथं ठेवली तर तोंड उगवतीकडंही होतं आणि उजेड नदीवरही पडतो. शिवाय पाठीशी मारुती. तिनं खोडावरून पेटी उतरवली, पदरानं धरून नेली, ओट्यावर ठेवली, तोंड उगवतीकडं वळवलं आणि हात जोडले.

“माय, काका रागावन,” मी म्हणाले.

“रागावू दे. पाह्य बरं, नदीवर उजेड पडते का नाई?”

पडत होता.

“मंग झालं तं! दोन्ही दिवे दिसतेत. लेक सुखरूप येते माही.” आणि हसऱ्या तोंडानं ती न्हाणीचं पाणी तापवायला घरी गेली. मी तिथंच थांबले. गाडी पहिल्यांदा मला दिसायला हवी होती.

आता बघा. वरची बत्ती पश्चिमेला सरकली, खालची जिथल्या तिथं. म्हणजे पलीकडच्या माणसाला दोन्ही एकावर एक दिसायला हव्यात तर त्यानं पूर्वेला सरकलं पाहिजे. आणि पूर्वेला डोह. हे आज मी कागदावर रेघा मारून दाखवू शकते. तेव्हा मला यातलं काही कळत नव्हतं. मी फक्त गाडीची वाट बघत होते. काका खाली नदीकडं तोंड करून उभा होता, त्याची पाठ आमच्याकडं. त्याच्या डोक्यावरून जाणारा उजेड कुठून येतोय हे त्याला दिसायचं कारण नव्हतं.

पलीकडं दोन गाड्या आल्या. पुढची बाबांची, मागची चाचांची, बाजाराहून येणारी. बाबांनी नंतर सांगितलं, पाणी बघून ते चिंचेखाली थांबणारच होते. अक्का म्हणाली, “बाबा, बत्त्या लागल्या आहेत ना. काकानं माह्यासाठी लावल्या. चला.” नवरी नवऱ्याच्या डोक्यावर बसेपर्यंत त्यांनी काठाकाठानं गाडी पूर्वेला घेतली. रोजच्यापेक्षा जरा जास्त घ्यावी लागली. बाबांना वाटलं, पावसानं काठ खचला असेल, म्हणून जागा वेगळी वाटतेय. डोळ्यापेक्षा बत्तीवर भरवसा. बत्त्या जुळल्या. त्यांनी बैल पाण्यात घातले.

मी वरून फक्त गाडीचा काळा ठिपका बघितला. तो थोडा पुढं आला. आणि मग नव्हता.

चाचांची आरोळी पहिल्यांदा आली. मग बैलांचा आवाज, तो मी सांगू शकत नाही. काकानं पाण्याकडं धाव घेतली, आणि मधेच थबकून मागं वळून वर बघितलं. त्याला दिसलं. बाभळीच्या खोडावर काळोख आणि उजेड मारुतीच्या ओट्यावर. तो चढ कसा चढला माहीत नाही. माझ्या अंगावरूनच गेला, पण मी त्याला दिसले नाही. पेटी उचलली, पळत नेली, खोडावर होती तशी बसवली, तोंड दक्षिणेकडं. कारण चाचा पाण्यात उतरत होते, आणखी माणसं उतरणार होती, त्यांना तरी उतार सापडायला हवा होता. मग त्यानं स्वतः जाऊन डोहात उडी घेतली.

चाचांनी आणि काकानं मिळून बाबांना काढलं. बैल बुडाले. अक्का सापडली दुसऱ्या दिवशी, खाली, दगडांच्या बंधाऱ्यापाशी. तिच्या हातात आम्ही डोहाळजेवणाला भरलेल्या हिरव्या बांगड्या होत्या, एकही फुटलेली नव्हती. का कोण जाणे, माझी चीड अजून त्या बांगड्यांवर आहे.

आरडाओरडा ऐकून माय घरातून धावत आली तेव्हा पेटी खोडावर होती. आपण मारुतीपाशी ठेवलेला दिवा पुन्हा दक्षिणेला तोंड करून जळताना तिनं बघितला. तिनं जे समजायचं ते समजून घेतलं. आपण लेकीवरचं संकट टाळलं होतं, आणि दीरानं आपल्या हट्टापायी ते परत ओढवून आणलं. काका पाण्यातून बाबांना खांद्यावर घेऊन वर आला, आणि तिनं सगळ्या गावासमोर त्याच्या छातीवर मुठी मारल्या.

“मी दिवा मारुतीपाशी नेऊन ठेवला होता! तुमी परत त्याचं तोंड यमाकडं केलं! खाल्ली माही लेक! तुमी खाल्ली!”

काका भिजलेला, दातावर दात वाजत होते. चाचा पुढं झाले. “नाई भाबी, बत्त्या तं बराबर...” म्हणाले, आणि काकानं नुसतं त्यांच्याकडं बघितलं. चाचा गप्प झाले. मग काका होकाराची मान हलवत मायला म्हणाला, “हाव, वयनी.”

एवढंच. हाव, वयनी.

पुढचं गोठ्यात झालं, अक्काला अग्नी देऊन आल्यावर. रिकाम्या दावणीपाशी बाबा बसले होते, मी त्यांच्या मांडीला चिकटून. काका आला. बाबा म्हणाले, “मी जोडी जुळवूनच गाडी घातली रे. बराबर जुळवली होती. मंग डोह कसा आला?”

काका खाली बसला. बाबांना जे झालं ते त्यानं हळू आवाजात, थोडक्यात सांगितलं. बाबांच्या तोंडातून असा आवाज निघाला की मी कानांवर हात ठेवले.

“वयनीले सांगू नका, दादा,” काका म्हणाला. “कवाच नका सांगू. तिले हे समजलं तं विहीर घराच्या मागंच आहे. एक गेली. दुसरी नाई पाह्यजे.”

“अन् तू? साऱ्या गावात तुहं नाव खराब होऊन राह्यलं.”

“माह्यं काय? मी तं असाही समुद्राकडचा.” मग त्यानं माझ्याकडं बघितलं. तो रडत होता, अगदी लहान पोरासारखा. “तू तिथं होती ना, बाई? तू काई पाह्यलं नाई. समजलं?”

मी मान हलवली. एवढ्याशा पोरीच्या डोक्यावर केवढा धोंडा ठेवला त्यांनी! राग येतो मला, आजही येतो, दोघांचाही. आणि मग मागच्या विहिरीची आठवण होते आणि राग कुठं ठेवावा ते कळत नाही.

गावानं खांब उपटून फेकला, खोड तोडलं. कुणीच काकाशी बोलेना. मायनं त्याचं ताट वेगळं केलं, मग वाढणंच बंद केलं. काकानं पेटीतल्या बत्तीची काच काढली, स्वच्छ पुसली, कात्रीबरोबर गुंडाळून आपल्या ट्रंकेत ठेवली आणि एका सकाळी निघून गेला. बाबा त्याला पोचवायला नदीपर्यंत गेले, मायनं दार लावून घेतलं. लढाई संपल्यावर बंदरावरच्या बत्त्या पुन्हा लागल्या आणि तो परत कामाला लागला, असं कुणाकडून तरी कळलं. तो गावात पुन्हा आला नाही. गाड्या पुन्हा पूर्वीसारख्या चिंचेखाली थांबायला लागल्या.

बाबांनी तोंड उघडलं नाही. ते गेले ते मिटल्या तोंडानंच. मायच्या घरात मात्र काकाचं नाव निघालं की ती थुंकायची. लग्न झाल्यावर मी माहेरी आले की प्रत्येक वेळी ती मला ती गोष्ट पहिल्यापासून सांगायची, जणू मी तिथं नव्हतेच. मारुतीच्या ओट्यापर्यंत सांगायची, आणि म्हणायची, “माही अक्का आली असती व. तो दिवा तिथंच राह्यला असता तं आली असती.” मी भाजी निवडत ऐकत राहायचे. जीभ दातांखाली धरायची मला तोवर चांगली सवय झाली होती.

एका दिवाळीला मी गेले असताना खामगावकडचा एक माणूस निरोप घेऊन आला. काका गेला होता. बंदराजवळच्या एका खोलीत, एकटाच. शेवटी शेवटी दिसत नव्हतं त्याला, वर्षानुवर्षं बत्तीकडं बघून डोळे गेले होते. तरी संध्याकाळ झाली की हातानं चाचपत कंदिलाची काच पुसायचा, असं तो माणूस म्हणाला. पाणी पिऊन तो गेला.

माय मागच्या अंगणात तूर पाखडत बसली होती. तिनं सूप खाली ठेवलं. थकली होती ती, हात सुकले होते, नजरही अधू झाली होती. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, “त्याले तरी काय समजत होतं? समुद्राकडचा माणूस. आपल्या रीती त्याले कुठून माईत असन? मनानं वाईट नव्हता.”

मी तिच्यासमोर जाऊन बसले.

“इतके वर्ष मनात ठेवलं मी,” ती म्हणाली. “आता तो गेला. आज मी त्याले माफ केलं, बाई. माह्या लेकीचा जीव घेतला त्यानं, तरी माफ केलं. चांगलं केलं का नाई मी?”

सगळं माझ्या ओठांवर आलं. अक्षरशः ओठांवर. तिच्या मागं विहीर तशीच होती, फक्त कठडा पडला होता.

“हाव, माय,” मी म्हणाले. “चांगलं केलं.”

तिनं सूप उचललं आणि पुन्हा तूर पाखडायला लागली. किती वर्षांनी तिचा चेहरा निवांत दिसत होता.